सकर्मक क्रियापद

फळ्यावर लिहिलं : थ्रेटन.
जीभ दातांत धरून उच्चार करायचा, म्हटलं,
तर आठवीचा अख्खा वर्ग
जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघत बसला.

अर्थ : धमकावणे.
इशान कोवे म्हणाला, म्हणजे दम देणे ना, सर.
मागच्या बाकावरून : चमकवणे.
एक पोरगी पुटपुटली, भेव दाखवणे.
तिघांनाही बरोबर दिलं.

मग उपयोग.
हे क्रियापद एकटं चालत नाही,
त्याला समोर कोणीतरी लागतं. कर्म.
पण इंग्रजीत आभाळसुद्धा हे करू शकतं,
भरून आलेलं आभाळ पावसाची धमकी देतं.

"आभाय काहून धमकी देईन जी?"
नोहेशला पटेना.
"त्याले का पायजे हाये आपल्यापासून?"

गाईडात याचं उत्तर नव्हतं.
धमकी देणाऱ्याला काहीतरी हवं असतं
हे नोहेशला कोणी शिकवलं, कोण जाणे.

मी सहा वर्षं तासिकेवर आहे.
दर एप्रिलात संस्थेचे सचिव
खुर्चीत रेलून म्हणतात, पाहू.
एकदा थकलेलं मानधन मागितलं,
तर म्हणाले, पाहून घेऊ तुमचं.
सिंदेवाहीपर्यंत बसमध्ये
मी त्या 'घेऊ'चं व्याकरण लावत होतो.

आपल्याकडे धमकीला धमकीचा शब्द लागतच नाही.
पाहून घेईन. दाखवतो तुला.
लेकरं किती तुम्हाला?
सगळी घरातलीच क्रियापदं,
भाकर वाढताना, ढोरं हाकताना वापरायची,
आवाज जरासा खाली आणला की झालं.

परीक्षेला हमखास येणारं वाक्य उरलं होतं.
द टायगर इज थ्रेटन्ड.
कर्मणी प्रयोग, मी म्हणालो.
इथं वाघ भीती दाखवत नाही,
वाघाच्याच जिवाला धोका आहे.

कोणी हसलं नाही.
तिसऱ्या बाकावर पोर्णिमा मसराम.
गेल्या चैत्रात मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या काकीची
टोपली तेवढी सापडली होती,
अर्धी भरलेली, सरळ ठेवलेली.

मी डस्टर उचललं.
"पुसू नका जी, लिवून घेतो," ती म्हणाली.
शाईच्या पेनानं, वळणदार अक्षरात लिहिलं,
आणि खाली आपलं मराठी :
वाघाले कोनंतरी धमकी देली हाये.

"कोनं देली?" नोहेश.
कर्मणीत कर्ता लपवता येतो, मी सांगितलं,
बाय लावा, नाहीतर नका लावू.
सांगताना खडू दोनदा तुटला.

पोर्णिमा वहीकडे बघतच बोलली.
"काकीसंग माय होती माई.
थो गुरगुरला बी नाई, म्हनते.
पायत होता नुसता."

घंटा झाली.
पोरं घोळक्यानं निघाली, मधे लहान, कडेला मोठी,
ताटल्या वाजवत, ओरडत,
थ्रेटन, थ्रेटन्ड, थ्रेटन्ड,
तिन्ही रूपं पाठ झालेली.

साडेपाचची बस फाट्यावर सहाला येते.
तिथं वनखात्याची पिवळी पाटी आहे,
सावधान, वाघाचा वावर.
कोळशानं कोणीतरी 'चा'चा काना खोडून
वर टिंब दिलंय :
वाघाचं वावर.

माझ्या हातात लाल पेन होतं.
मागं धुऱ्यापलीकडे धानाचं पीक, त्यामागे बांबू,
काहीच हलत नव्हतं.
मी डबा काढला
आणि चमच्यानं वाजवत उभा राहिलो.